पन्हाळ्यावर गाड्या नकोत

पर्यटकांच्या खासगी वाहनांना पन्हाळगडावर बंदी घालावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आहे, जल्लोष झाला, आता गर्दी वाढणार.

अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारे किती अवाढव्य आहेत, हे त्यांच्या कमानींखालून पायी हिंडल्याशिवाय कळत नाही. तबक उद्यानात हॉर्न ऐकायला कोणी गड चढत नाही. (चढतो तरी कोण म्हणा, गाडी थेट वर जाते!)

गडावर नांदते गाव आहे. गाड्या खाली अडल्या तर गिऱ्हाईक तुटेल, ही झुणका-भाकर विकणाऱ्यांची धास्ती खोटी नाही. पण तासाभरात गाडीतून गड ‘उरकणारा’ जेवायला थांबतो कुठे? पायी फिरणाऱ्याला भूक लागतेच.

तेव्हा नगरपरिषद, जिल्हा प्रशासन आणि पुरातत्त्व खात्याने पायथ्याशी वाहनतळ उभारावा, तेथून बस सोडाव्यात आणि रहिवाशांच्या वाहनांना विनामूल्य पास द्यावेत. हे सारे येत्या उन्हाळी सुट्यांपूर्वी व्हायला हवे.