हप्ता भाडेकरू भरत नाही

मस्कतच्या दार्सैत भागात नव्याने बिऱ्हाड केलेल्या मराठी जोडप्याला वर्षभरातच एक सल्ला ऐकावा लागतो. कृष्ण मंदिरातून बाहेर पडताना, कुणाच्या सत्यनारायणाला, मुलांना शाळेत सोडून परतताना. देणारे बहुधा मस्कतमध्ये जन्म काढलेले आणि पुण्यात दोन-तीन फ्लॅट बाळगून असलेले ज्येष्ठ. अशाच एका गृहस्थांचे म्हणणे सध्या इकडे वेदवाक्यासारखे फिरते आहे. त्यावर विसंबून तरुण मुले बुकिंगचे पैसे भरून बसतात, म्हणून या विषयावर मला गप्प बसवत नाही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. ओमानमध्ये आपण कायमचे भाडेकरू. पगार चालू आहे तोवर पुण्यात एक सोडून दोन फ्लॅट घ्या. वीस टक्के आपले, बाकीचे बँकेचे, आणि बँकेचा हप्ता भाडेकरू भरतो. भाव कधी उतरत नाही. करार नोंदवू नका, नोंदवला की भाडेकरूला हक्क चिकटतो. अकरा महिन्यांचा साधा कागद पुरे. आणि घर देताना आधी आडनाव विचारा. हे सगळे झाले की दार्सैतमध्ये बसल्या जागी उत्पन्न सुरू.

यातले पहिले वाक्य मला मान्य आहे. २००६ च्या शाही फर्मानानंतर ओमानमध्ये परकीयांना घर विकत घेता येऊ लागले, पण ते ठरावीक पर्यटन संकुलांत. समुद्रकाठची ती घरे दार्सैतच्या पगारदाराला परवडणारी नव्हेत. त्यामुळे इकडची शिल्लक तिकडे जाणार, हे ओघानेच आले. मस्कतच्या हॉटेलांत पुण्या-मुंबईच्या बिल्डरांची प्रदर्शने भरतात ती यासाठीच.

पण ‘हप्ता भाडेकरू भरतो’ हे वाक्य खोटे आहे, आणि ते कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत खोटे ठरवता येते. समजा, पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट. १६ लाख आपले, ६४ लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. हप्ता येतो सुमारे साडेपंचावन्न हजार. या घराला भाडे समजा २४ हजार. वर्षातला एक महिना घर रिकामे धरा. जुना भाडेकरू गेला, नवा येईपर्यंत रंगकाम झाले, एवढ्यात महिना जातोच. हातात आले वर्षाला २ लाख ६४ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स आणि महापालिकेचा मिळकतकर मिळून ५६ हजार वजा करा. राहिले महिन्याला १७ हजारांच्या आसपास. म्हणजे भाडेकरू हप्त्याचा तिसरा हिस्सासुद्धा भरत नाही. उरलेले ३८ हजार दार्सैतमधून जातात, रियालला २२० रुपये धरले तर दरमहा सुमारे १७५ रियाल. पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच सव्वापाच लाखांच्या पुढे. भाडे त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. शिवाय खरेदीच्या दिवशीच पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी, म्हणजे सहा लाखांच्या घरात रक्कम गेली. घर बांधले जात असताना घेतले तर पाच टक्के जीएसटी वेगळा. हे आकडे प्रदर्शनातल्या चकचकीत पत्रकात कधी एका ओळीत येत नाहीत.

आता करांचे पाहू. घरमालक अनिवासी असला की भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. रहिवासी मालकाला लागू असणारी पन्नास हजारांची मर्यादा इथे नाही. २४ हजारांच्या भाड्यातूनही साडेसात हजार कापावे लागतात. त्यासाठी भाडेकरूला टॅन क्रमांक घ्यावा लागतो, विवरणपत्र भरावे लागते. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला हे कोण सांगते? मालक गप्प, एजंट गप्प, आणि नोटीस आलीच तर ती त्या मुलाला. कापलेला कर मालकाला विवरणपत्र भरून परत मागता येतो, हे खरे. पण ते भरणे हेही कामच. व्याजाची वजावट मिळते म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी आणखी एक सांगावे: ज्याचे भारतात भाड्याखेरीज दुसरे उत्पन्नच नाही, त्याने भाड्याहून जास्त असलेले व्याज कशातून वजा करायचे?

आणि ‘बसल्या जागी’? नळ गळतो, गीझर जळतो, वरच्या मजल्यावरून ओल येते, सोसायटीची नोटीस लागते. फोन मस्कतला येतो आणि धावपळ तिकडे सासऱ्यांना करावी लागते, नाही तर मेहुण्याला. त्यांच्या श्रमांचा पैसा हिशेबात कुठेच नसतो. घर भाड्याने देणे हा धंदा आहे. तो कुणीतरी करतच असते, फक्त दार्सैतमधला मालक करत नाही.

भाव उतरत नाहीत, हे दुसरे. इथे रियाल डॉलरला बांधलेला आहे, १९८६ पासून एका रियालला सुमारे २.६ डॉलर. रुपया बांधलेला नाही. २०१० च्या सुमाराला रियालला १२० च्या आत रुपये मिळत, आज दोनशेच्या वर मिळतात. तेव्हा ४० लाखांना घेतलेले घर आज ८० लाखांना गेले, म्हणजे रुपयांत दुप्पट. रियालमध्ये मांडा: सुमारे ३४ हजारांचे ३६ हजार झाले. त्यावर कर: २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के, आणि जुन्या घरांसाठी रहिवाशांना दिलेला महागाई धरून हिशेब करण्याचा पर्याय अनिवासींना नाही. ४० लाखांवर उपकरासह पाच लाख वीस हजार गेले की रियालमधली वाढ जवळजवळ पुसली जाते. कुणी म्हणेल, आपल्याला परतायचे तर पुण्यालाच, मग हिशेब रुपयांतच हवा. मान्य. पण मग ‘दुप्पट झाले’ म्हणताना पुण्यातली शाळेची फी आणि दवाखान्याचे बिल त्याच काळात किती पट झाले तेही सांगा.

कराराच्या नोंदणीबद्दलचा सल्ला तर सरळ धोक्याचा आहे. हा वाद जुना आहे आणि त्याची भीती १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातून आलेली आहे. त्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली, पागडी फोफावली, चाळींची डागडुजी थांबली. त्या काळच्या मालकांचे दुःख खोटे नव्हते. पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. उलट नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि जास्त राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई मागता येते. मालकाचे रक्षण करणारा कागदच करू नका, असे सांगणे म्हणजे नव्या माणसाला हातपाय बांधून विहिरीत उतरवणे आहे.

आडनावाबद्दल एकच सांगतो. इथे आपण परक्या देशात, परक्या धर्माच्या मालकांच्या घरांत सुखाने राहतो. आपल्या मालकीचे घर झाल्यावर आपण दुसऱ्याची जात विचारावी, ही शरमेची गोष्ट आहे.

मग घ्यायचे काय? एकच घर, जिथे परतायचे त्या गावात. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले. ते नसेल तर निदान महारेराची नोंद स्वतः तपासलेली. निम्मे पैसे आपले असतील तेव्हाच. इथला व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, आणि २०१४ नंतर तेलाचे भाव घसरले तेव्हा नोकऱ्यांचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असावेत. तिकडच्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र द्यायचे तर भाड्याच्या कामापुरते द्या, विक्रीचा अधिकार त्यात घालू नका. दूतावासात सही झाली की ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. उरलेली शिल्लक एफसीएनआर ठेवीत डॉलरमध्ये राहू शकते, आणि अनिवासी असेपर्यंत तिच्या व्याजावर भारतात कर नाही. दुसऱ्या फ्लॅटचा विचार पहिल्याचे कर्ज फिटल्यावर.

त्या गृहस्थांकडे माझे मागणे एवढेच. पुढच्या जोडप्याला सल्ला देण्याआधी आपल्या फ्लॅटांचा पंधरा वर्षांचा जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवा: रिकामे गेलेले महिने, दलाली, रंगकाम, कर आणि व्याज धरून, रुपयांत आणि रियालमध्ये.