माईक तुमचा, चावी आमची

मागच्या आठवड्यात ऑफिसात 'ओपन डिस्कशन' झालं. (कंपनीचं नाव विचारू नका, होम लोनचे हप्ते चालू आहेत.) नव्या सिस्टीमबद्दल प्रत्येकाचं मत विचारलं. मीही पाच मिनिटं तावातावाने बोललो. नंतर कळलं की डिझाईन आदल्या शुक्रवारीच फ्रीझ झालं होतं! मिनिट्समध्ये मात्र माझं नाव 'सहभागी' म्हणून झळकतंय.

आमचं काय हो, फार तर एखादं मोड्यूल बोंबलेल. पण हाच प्रकार जगाच्या जेवणाच्या बाबतीत झाला तर?

रोममध्ये संयुक्त राष्ट्रांशी जोडलेली जागतिक अन्नसुरक्षा समिती आहे, १९७४ पासूनची. २००७-०८ मध्ये धान्याचे भाव जगभर भडकले, कित्येक देशांत लोक रस्त्यावर उतरले. मग २००९ मध्ये समितीची फेररचना झाली. लहान शेतकरी, मच्छीमार, भूमिहीन, आदिवासी यांच्या संघटनांना तिथे अधिकृत जागा मिळाली. कंपन्यांसाठी वेगळी जागा ठेवली. मसुदा तयार होताना सगळे बोलू शकतात, अंतिम निर्णय फक्त सरकारं घेतात. आमच्या भाषेत सांगायचं तर कमेंट करा, कमिटचा अ‍ॅक्सेस नाही.

खरं सांगू? मला यात फार चूक वाटत नाही. निर्णय फसला तर जाब सरकारलाच विचारता येतो. आणि या चर्चांतून चांगलं कामही झालं. जमीन, मासेमारी आणि जंगलांवरच्या हक्कांबद्दलची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं याच समितीने संमत केली. पण ती ऐच्छिक आहेत. एखाद्या सरकारने पाळली नाहीत तर? काही नाही.

आता रोमहून जिनिव्हाला या. तिथे जागतिक व्यापार संघटना आहे, आणि तिचे नियम बंधनकारक आहेत. आपल्या रेशन दुकानात येणारा तांदूळ-गहू सरकार हमीभावाने विकत घेतं. त्यातली सबसिडी मोजताना हमीभावाची तुलना आजच्या बाजारभावाशी नाही, तर १९८६-८८ च्या भावाशी होते! (हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते.) विकसनशील देशांना मर्यादा साधारणपणे त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्के. २०१८-१९ च्या तांदळाबाबत भारताने ती ओलांडली आणि २०१३ च्या बाली परिषदेत मिळालेल्या 'शांतता कलमा'चा आधार घेतला. कायमचा तोडगा २०२४ च्या अबू धाबी परिषदेतही निघाला नाही. त्या वाटाघाटींच्या टेबलावर शेतकरी किंवा रेशनकार्डवाली बाई नसते. तिथे सरकारं असतात, आणि काय बोलणार ते आपल्याला आधी सांगत नाहीत.

म्हणजे बघा, जिथे खुर्ची मिळते तिथे चावी नाही, आणि जिथे चावी आहे तिथे खुर्ची नाही. माझ्या मते खरी गोम इथे आहे.

२०२१ च्या अन्नव्यवस्था शिखर परिषदेत तिसरीच तऱ्हा. 'या, सगळे स्टेकहोल्डर या!' शेकडो संघटनांनी बहिष्कार घातला. त्यांचा आक्षेप असा की रोमची समिती असताना हा नवा मांडव कशाला, आणि त्यात बड्या कंपन्यांचं वजन इतकं का? आयोजक म्हणत होते, दार सर्वांना उघडं आहे. असेलही. पण बियाणं विकणारी कंपनी आणि दुसऱ्याच्या बांधावर राबणारी बाई, दोघी एकसारख्याच 'स्टेकहोल्डर' कशा? एकीचा नफा पणाला लागलाय, दुसरीचं रात्रीचं जेवण.

म्हणून कुणी 'सर्वसमावेशक प्रक्रिया' म्हटलं की मी आता तीन प्रश्न विचारतो. विषयपत्रिका कुणी ठरवली? 'नाही' म्हणायचा अधिकार कुणाला आहे? आणि चुकलं तर कुणाला धरायचं? सुरुवात घरापासून करू. जिनिव्हाला जाण्याआधी आपली भूमिका सरकारने संसदेत आणि शेतकरी संघटनांसमोर मांडावी, एवढी मागणी तर आपण करू शकतो. त्याला १९८६ चे भाव आड येत नाहीत.

असो. सोमवारी पुन्हा एक 'ओपन डिस्कशन' आहे. पहिला प्रश्न मी विचारणार आहे: डिझाईन फ्रीझ झालंय का?