जंतूला राग नसतो, भूक असते

पाऊस धरला की कोकणातल्या पेपरांत एक शब्द हमखास उगवतो. लेप्टो. मग 'लेप्टोचं थैमान', 'जीवघेण्या जंतूचा विळखा' वगैरे मथळे येतात. वाचून वाटतं, हा जंतू माणसाला मारायला शेताच्या बांधावर टपूनच बसलाय. मला ही भाषा पटत नाही. शब्दांचा कीस काढायचा म्हणून नव्हे, तर या भाषेमुळे आपण भलतीकडेच बघत बसतो म्हणून.

लेप्टोस्पायराचं खरं बिऱ्हाड असतं उंदराच्या मूत्रपिंडात. तिथे तो दीर्घकाळ राहतो आणि उंदराला फारसं काही होतही नाही. लघवीवाटे तो बाहेर पडतो, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तग धरतो आणि पुढचा उंदीर शोधतो. माणूस त्याच्या हिशेबात नाहीच. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे तो सहसा जात नाही, म्हणजे आपल्या अंगात शिरणं हा त्याच्यासाठी बंद बोळच. आपल्याला मारून त्याला मिळतं काय? काहीच नाही.

मग माणसं मरतात कशाने? इथेच त्याचं 'जेवण' येतं.

बहुतेक जंतू साखरेवर ताव मारतात. हा मात्र साखरेला विचारत नाही. त्याला लागतात लांब साखळीची मेदाम्लं. प्रयोगशाळेत त्याला वाढवताना हीच द्यावी लागतात, आणि गंमत म्हणजे मोकळी दिली तर ती त्यालाच विषारी ठरतात. म्हणून सोबत अल्ब्युमिन हे प्रथिन घालतात, ते मेदाम्लं धरून ठेवतं आणि जरा जरा सोडतं. असा हा नखरेल पाहुणा! आता आपलं रक्त बघा. मेदाम्लं आहेत, अल्ब्युमिन आहे, ऊबही आहे. पंगत आयतीच मांडलेली.

लोहही लागतंच. आपलं शरीर हुशार, ते लोह कुलूपबंद ठेवतं, बरंचसं रक्ताच्या हिमोग्लोबिनमध्ये. पण या जंतूकडे हिमोग्लोबिनमधला 'हीम' फोडून लोह काढणारं एक विकर आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्या विकराचं जनुक बिघडवलेले जंतू हॅम्स्टरना मारण्यात कमी पडले. म्हणजे लोह खाण्याची सोय काढली की मारकपणाही उतरला. चयापचय आणि जहालपणा ही दोन वेगळी खाती नाहीत, असं मी म्हणतो ते यासाठी.

अजून एक. शेतातल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, रक्तात असतात. क्षारांचं प्रमाण वाढल्याची जाणीव होताच हा जंतू आपल्या पेशींना चिकटणारी प्रथिनं जास्त बनवायला लागतो. खारटपणा हीच त्याची 'घर आलं' ही खूण! (समुद्राच्या पाण्यात मात्र तो फार टिकत नाही. त्यामुळे वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर पाय भिजवणाऱ्या पाहुण्यांपेक्षा वर शेतात चिखलणी करणाऱ्याला धोका कितीतरी जास्त.)

आता मुद्द्याचं. 'पाण्यात जाऊ नका' हा सल्ला शेतकऱ्याला देणं म्हणजे 'भात लावू नका' म्हणण्यासारखं आहे. तो कोण ऐकणार? त्यापेक्षा दारं बंद करा. पायाला चिखल्या झाल्या असतील, खरचटलं असेल तर जखम झाकून गमबूट घाला. घरात, गोठ्यात धान्य उघडं ठेवून उंदरांना पोसू नका.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. सुरुवातीच्या दिवसांत जंतू रक्तात जेवत असतो, तेव्हा डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिनसारखी जुनी, स्वस्त औषधंही त्याला आवरतात. मूत्रपिंडं आणि फुप्फुसं बिघडल्यावर तीच लढाई अतिदक्षता विभागात लढावी लागते. पहिल्या आठवड्यात रक्ताची तपासणी बऱ्याचदा 'निगेटिव्ह' येते, म्हणून रिपोर्टची वाट बघत बसणं हा शहाणपणा नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. तेव्हापासून मुंबईत पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना डॉक्टरी सल्ल्याने प्रतिबंधक गोळी देण्याची चर्चा तरी होते. लावणीला महिनाभर गुडघाभर चिखलात उभ्या असणाऱ्या बाईमाणसांसाठी तोच विचार तितक्याच तत्परतेने का होऊ नये? प्राथमिक आरोग्य केंद्रात, लावणीच्या आधी?

घरच्यांना (तुम्ही वाचताय हे माहीत आहे मला!) एवढंच सांगणं: लावणीनंतर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर 'पावसाचाच ताप आहे, पेज खा आणि पड' असं म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी विचारायची वाट न बघता आधी सांगा, "मी शेतात होतो."

एवढ्या एका वाक्याने जंतूचं अर्धं जेवण हुकतं.