वकील जवळचा हवा

घरातील कुणास पोलिसांनी धरले की आपल्याकडे माणसे प्रथम पुढाऱ्याच्या दारी धावतात, वकिलाकडे मागाहून. हा क्रम उलटा व्हावयास हवा. प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत आरोपीस दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. कोठडी की जामीन, हा प्रश्न तेथेच उभा राहतो. त्या घटकेला मुंबईच्या नामांकित वकिलापेक्षा म्हापसा वा मडगावच्या न्यायालयात नित्य काम चालविणारा फौजदारी वकील अधिक उपयोगी पडतो. फी परवडत नाही म्हणून कुणी खचू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती मोफत वकिलास पात्र आहे. ती भीक नव्हे, हक्क होय. हा हक्क प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर मराठी-कोकणीत ठळकपणे लिहिला जावा, अशी आमची मागणी आहे.