सोळा किलो-ओहम

आमच्या सक्करदऱ्यात पोरगं दहावी झालं की पहिला प्रश्न, "किती टक्के?" हा रोग आता गिटारीलाही लागला आहे, आणि त्याविरुद्ध माझी जाहीर तक्रार आहे.

कन्येने शिकवण्यांच्या पैशांतून इलेक्ट्रिक गिटार घेतली. ती वाजण्याआधी गुरगुरायची. "बाबा, हिचे हंबकर बदलायला हवेत." हंबकर हा मला कुणी थकबाकीदार वाटला, निघाले तारांखालचे पिकअप! दुकानदार म्हणाला, "काका, आठ किलो-ओहमचा कशाला? सोळाचा घ्या. डबल!" किंमत गिटारीपेक्षा जास्त.

मग मी वाचायला बसलो. १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला. युक्ती अस्सल दुहेरी नोंदीची. दोन गुंडाळ्या, वेढे उलटसुलट, चुंबकाची टोकेही उलटसुलट. तारेचा सूर दोन्हीकडे जमा. विजेची घरघर एकीकडे जमा, दुसरीकडे नावे. घरघरीची बाकी शून्य!

आणि किलो-ओहम? तो नुसता गुंडाळीचा रोध. बारीक तार घेतली की वेढे तेवढेच राहून आकडा फुगतो. वेढे वाढवले तर जोर वाढतो, पण सुराची झळाळी उतरते. तेव्हा दुकानदारहो, आकडा सांगण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, काय कमी पडतंय? सूर घुसमटत असेल तर कमी वेढ्यांचा द्या, जोर हवा असेल तर जास्त वेढ्यांचा. त्याआधी स्क्रू फिरवून आहे त्याच पिकअपची उंची बदलून पाहा म्हणावं. त्याला दमडी पडत नाही. मोठ्या शिल्लकीवरून माणूस मोठा, असं आम्ही बँकेतसुद्धा मानत नाही. निदान खातेदार निघून गेल्यावर.

शेवटी बुधवार बाजाराजवळच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने भिंतीतला सॉकेट उघडला. "काका, इथं तं अर्थिंगच नाही!"

वायरिंग करताना ती तार वाचवली होती मीच. ही गुरगुर दोन गुंडाळ्यांच्या हिशेबाबाहेरची; जगातला कुठलाच हंबकर ती मिटवू शकला नसता. आणि असल्या विजेवर माझी पोर रोज लोखंडी तारा धरून बसत होती! चार पैशांची ती बचत आठवली की अजून अंगावर काटा येतो.

अर्थिंग झालं. गुरगुर थांबली. कन्येने अर्धा तास वाजवलं आणि म्हणाली, "बाबा, आता माझ्या चुका स्पष्ट ऐकू येतात."

त्यावर सोळा किलो-ओहमचा इलाज नाही. रियाज आहे, आणि तो फुकट आहे.