लाल शेपटीची मावशी

वांगणी म्हटली की लोकांना बदलापूरपुढचे रेल्वे स्टेशन आठवते. आम्ही सांगतो ती वांगणी वेगळी, पालघर जिल्ह्यातली, जव्हार-मोखाड्याकडची. मे महिन्यात तिथे सागाच्या पाचोळ्यात मुलांनी एक जीव घेरला. अंग पेन्सिलीएवढे, पाय इवलेसे, शेपटी लालभडक. "सापाची मावशी! चावली तर पाणी मागू देत नाही," म्हणत एकाने काठी मारलीच. शेपटी तुटून वळवळू लागली, मुले तिच्याकडे बघत राहिली आणि मावशी पाचोळ्यात पसार!

ती होती सापसुरळी, ठिपक्यांच्या जातीची. सापाशी तिचे नाते दूरचे, विष मुळीच नाही. साप पापणी लवू शकत नाही, ही लवते. हिच्या खालच्या पापणीला तर पारदर्शक खिडकी असते. डोळा मिटला तरी उजेड आत येतो आणि धूळ बाहेर राहते. सुब्हानअल्लाह!

लाल शेपटी पिल्लांचीच, वाढत्या वयात रंग उतरतो. शत्रूने डोके सोडून शेपटी धरावी, यासाठी तो रंग. शेपटीच्या मणक्यांत तुटण्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. तुटताच स्नायू आवळतात, रक्त फारसे जात नाही. नवी शेपटी येते, पण तिच्यात हाडाऐवजी कूर्चा असते. सापसुरळ्या शेपटीत चरबी साठवतात. म्हणजे आमच्या पोराने बिचारीची शिदोरीच हिसकावली.

आपल्या महाराष्ट्रातल्या आलापल्लीच्या जंगलाचे नाव एका सापसुरळीला आहे. 1926 साली कार्ल श्मिट या अमेरिकी शास्त्रज्ञाने ते दिले. तो 1957 मध्ये सर्पदंशाने गेला. मावशीने त्याला काही केले नव्हते.

काठीपेक्षा आम्हाला भीती वणव्याची वाटते. राब भाजणे ही शेतकऱ्याची गरज, भात-नागलीची रोपे त्याच राखेत उगवतात आणि ती आग वाफ्यापुरती असते. पण विडीच्या थोटकाने पेटलेला डोंगर कोण आवरणार? पाचोळा हेच सापसुरळीचे घर. किडे-वाळवी तिथेच, लपायची जागा तिथेच. आग आली की तोकड्या पायांनी पळणार किती?

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर तो काठीवाला आमच्याआधी पाचोळ्यापाशी उकिडवा बसला होता. शेपटी आली का, ते पाहायला.