धूर आपण ओढतो की धूर आपल्याला?

परीक्षेच्या दिवसांत आमच्या पिंपळगाव राजाच्या पानठेल्यावर कॉलेजच्या मुलांची गर्दी वाढते. "डोकं चालत नाही यार, एक झुरका मारला की चालतं," हे वाक्य तिथे हमखास ऐकू येते. गेल्या वर्षी मीही ते म्हटले होते. म्हणून मित्रहो, हा उपदेश नव्हे. मी स्वतःलाच विचारलेला जाब आहे.

झुरक्याने डोके खरोखर चालते काय? धुरातील निकोटिन सुमारे १० सेकंदांत मेंदूत पोहोचते. तिथे डोपामाइन नावाचे द्रव्य स्रवते आणि घटकाभर बरे वाटते. परंतु मेंदूला त्याची सवय लागते. निकोटिन टिपणाऱ्या जागा तो वाढवून ठेवतो. दोनएक तासांत रक्तातील निकोटिन निम्म्यावर येते. मग चिडचिड सुरू होते, पुस्तकात लक्ष लागत नाही आणि पाय पुन्हा ठेल्याकडे वळतात. ज्याने काटा रुतवला, त्यालाच तो काढल्याबद्दल आपण दुवा देतो! शिवाय मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. आपण एकोणीस-वीस वर्षांचे. घर बांधून होण्याआधीच आपण त्यात वाळवी सोडतो.

"आम्ही साधी बिडी ओढतो," असेही काहीजण म्हणतात. बिडीत तंबाखू कमी असते हे खरे. पण तेंदूचे पान सच्छिद्र नसते. बिडी विझू नये म्हणून ती वारंवार आणि जोराने ओढावी लागते, त्यामुळे विष काही कमी होत नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. अंगाला प्राणवायू कमी पडतो, हृदयाला जास्त राबावे लागते. पुढे हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग ही रांग उभीच असते.

माझे आबा धुऱ्यावर बसून बिडी पेटवीत. "वढली का भूक मरते, बापू," म्हणत. निकोटिनने भूक मंदावते, हे मला पुढे कळले. शेवटी शेवटी ओट्याच्या दोन पायऱ्या चढतानाही त्यांना धाप लागे. त्यांची बिडी मी समजू शकतो. ती भाकरीच्या जागी होती. पण पोटभर जेवून, वह्या काखेत मारून आपण ओढतो, ते कशाच्या जागी?

२००३ च्या कायद्याने शाळा-कॉलेजांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी आहे. कायद्याने ठेला हलेल. मित्रापुढे बिडी करणारा हात कोण हलविणार? तो हात आपलाच असतो. अजून उशीर झालेला नाही. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्म्यावर येतो.

आबांना बंडलावरचे अक्षर वाचता येत नव्हते. आपल्याला येते. घरातली पहिली शिकणारी पिढी आपली. वाचूनही ओढायचेच असेल, तर शिकून आपण काय केले?